थीम पार्कच्या सहलीत आगाऊ भोजन-योजना : कोणत्या कुटुंबाला परवडते, कोणत्या नाही

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ऑर्लंडो शहराजवळ असलेले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी प्रेक्षकांसाठी खुले झाले. आरंभी तेथे मॅजिक किंगडम हे एकच उद्यान होते. पुढे १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आजचे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम यांची भर पडली. एका दिवसात उरकण्याजोगे हे ठिकाण राहिले नाही. त्यामुळे येणारी कुटुंबे चार-पाच रात्री मुक्काम करतात आणि विमानभाडे, खोली व प्रवेशिका यांच्या पाठोपाठ जेवणाचा खर्च त्यांच्यासमोर उभा राहतो. डिस्नेच्या हॉटेलात खोली घेताना त्या खर्चासाठी एक सोय पुढे केली जाते. जेवणाचे पैसे आगाऊ भरायचे आणि तेथे पोचल्यावर खिशात हात घालायचा नाही. या सोयीचे नाव डिस्ने डायनिंग प्लॅन.

गोव्यातील अनेक घरांशी या प्रश्नाचा थेट संबंध येतो. नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्यात जाणारे आईवडील, त्यांच्यासोबत नातवंडे, आणि सर्वांनी मिळून केलेली ऑर्लंडोची सहल हा आता नवलाईचा प्रकार राहिलेला नाही. अशा सहलीत तीन पिढ्या एकत्र असतात. आजोबांना दोन वेळा हलके जेवण हवे असते, आजींचा उपवास असतो, सुनेला किंवा जावयाला सर्व काही चाखून पाहायचे असते आणि सात वर्षांच्या नातीला मिकी माऊसच्या शेजारी बसून आईस्क्रीम खायचे असते. भोजन-योजना मात्र या सर्वांना एकाच मापाने मोजते, आणि निर्णय अवघड होतो तो त्यामुळेच.

योजनेत नेमके काय मिळते

आजच्या स्वरूपातील ही योजना २००५ मध्ये आली. कोविडच्या साथीत २०२० साली ती बंद झाली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. पूर्वी तिचे अनेक प्रकार होते, आता दोनच उरले आहेत. पहिल्या प्रकारात, ज्याला क्विक-सर्व्हिस प्लॅन म्हणतात, प्रत्येक व्यक्तीला मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे काउंटरवरून घ्यायची दोन जेवणे आणि एक अल्पोपाहार मिळतो. दुसऱ्या प्रकारात काउंटरवरचे एक जेवण, टेबलावर बसून वाढले जाणारे एक जेवण आणि एक अल्पोपाहार मिळतो. दोन्ही प्रकारांत माणशी एक पेयाचा मग असतो. तो हॉटेलच्या आवारात हवा तितक्या वेळा भरून घेता येतो. त्यात शीतपेयांबरोबर चहा-कॉफीही येते, पण उद्यानांच्या आत हा मग चालत नाही.

काउंटरवरच्या जेवणात एक मुख्य पदार्थ व एक पेय धरलेले असते. टेबलावरच्या जेवणात मुख्य पदार्थ, दुपारी व रात्री एक गोड पदार्थ आणि एक पेय मिळते. बुफे असेल तर पूर्ण बुफे मिळतो. २१ वर्षांवरील व्यक्तीला पेय म्हणून मद्यही घेता येते. जेवणाआधीचे सूप किंवा इतर सुरुवातीचे पदार्थ योजनेत बसत नाहीत. बक्षिसीही बसत नाही. काही नामांकित भोजनगृहांत एका जेवणासाठी टेबलावरच्या जेवणाची दोन क्रेडिट्स कापली जातात. सिंड्रेलाच्या किल्ल्यातील रॉयल टेबल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ज्या घरातील मुलीला नेमके तेथेच जेवायचे आहे, त्या घराचे दोन दिवसांचे मुख्य जेवण त्या एका बैठकीत संपते.

२०२४ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली तेव्हाचे दर असे होते. क्विक-सर्व्हिस योजनेसाठी प्रौढास प्रत्येक रात्रीमागे ५७.०१ डॉलर आणि ३ ते ९ वर्षांच्या मुलास २३.८३ डॉलर, तर दुसऱ्या योजनेसाठी प्रौढास ९४.२८ डॉलर आणि मुलास २९.६९ डॉलर. कर या रकमेतच धरलेला होता. दर वेळोवेळी वाढतात आणि नोंदणीच्या दिवशीचा दर पाहणे भागच असते. पुढचा हिशेब मात्र याच आकड्यांवर केला आहे, कारण दर बदलले तरी हिशेबाची रीत बदलत नाही.

नियमांतील तीन गोष्टी नोंदणीच्या वेळी सहसा नजरेतून सुटतात. एक म्हणजे, एका नोंदणीतील ३ वर्षांवरील प्रत्येकाला एकच योजना घ्यावी लागते. आजोबांना वगळून बाकीच्यांसाठी घेऊ, असे चालत नाही. दुसरी गोष्ट वयाची. दहावा वाढदिवस झालेले मूल योजनेच्या दृष्टीने प्रौढ ठरते आणि त्याच्यासाठी दुपटीहून अधिक रक्कम भरावी लागते, मग ते मूल घरी अर्धी पोळी खाणारे का असेना. तिसरी गोष्ट रात्रींची. हिशेब दिवसांवर नसून रात्रींवर चालतो. पाच रात्रींचा मुक्काम म्हणजे सहा दिवसांची भूक आणि पाच दिवसांची क्रेडिट्स. तीन वर्षांखालील बाळ या योजनेत मोजले जात नाही. ते मोठ्यांच्या ताटातले खाते आणि बुफेत त्याच्यासाठी पैसे पडत नाहीत.

खाडा नसलेली खानावळ

महिन्याचे पैसे आगाऊ भरून खानावळीत जेवलेल्या पिढीला खाडा हा शब्द सांगावा लागत नाही. गावी गेल्यावर तितक्या दिवसांचे खाडे धरून बिलातून रक्कम वजा केली जाई. किती दिवस आधी सांगितल्यास खाडा धरायचा, यावरून मालकाशी होणारे वाद हा त्या व्यवहाराचाच एक भाग होता. डिस्नेच्या योजनेत खाडा नाही. न वापरलेली क्रेडिट्स खोली सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री संपतात आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. एक सोय मात्र खानावळीपेक्षा चांगली आहे. सर्वांची क्रेडिट्स एकत्र जमा असतात आणि ती मुक्कामात केव्हाही वापरता येतात. सोमवारी कोणी जेवले नाही तर मंगळवारी दोनदा जेवता येते. प्रौढांची व मुलांची टेबलावरच्या जेवणाची क्रेडिट्स मात्र वेगळी मोजली जातात, आणि जेथे मुलांसाठी वेगळी यादी आहे तेथे ३ ते ९ वर्षांच्या मुलाने त्या यादीतूनच पदार्थ घ्यावा असा नियम आहे.

शेवटच्या दिवशी उरलेल्या क्रेडिट्सचे काय होते, हे तेथील दुकानांत संध्याकाळी दिसते. विमानतळाकडे निघालेली कुटुंबे पिशव्या भरभरून बिस्किटे, चॉकलेटे आणि पाण्याच्या बाटल्या घेतात. बाटलीबंद पाण्यावर क्रेडिट खर्चणे हा तर सरळ तोटा आहे, कारण उद्यानातील काउंटरवर बर्फाचे पाणी मागितले की विनामूल्य मिळते.

आकडे काय सांगतात

एक कुटुंब धरू. पती-पत्नी, त्यांच्याकडे आलेले दोघे ज्येष्ठ आणि सात वर्षांची मुलगी. म्हणजे चार प्रौढ, एक मूल, पाच रात्री. क्विक-सर्व्हिस योजनेला रोज २५१.८७ डॉलर, पाच रात्रींचे १,२५९.३५ डॉलर. टेबलावरच्या जेवणाच्या योजनेला रोज ४०६.८१ डॉलर, पाच रात्रींचे २,०३४.०५ डॉलर.

आता तेच पदार्थ सुटे घेतले तर काय पडेल? काउंटरवरचा मुख्य पदार्थ साधारण १४ डॉलर, पेय साडेचार डॉलर, अल्पोपाहार ६ डॉलर आणि मग सुमारे २२ डॉलर धरला, तर एका प्रौढाचे दोन जेवण, एक अल्पोपाहार व मगचा पाचवा भाग मिळून ४७.४० डॉलर होतात. त्यावर साडेसहा टक्के विक्रीकर धरला की ही रक्कम सुमारे साडेपन्नास डॉलरवर जाते. योजनेचा दर ५७ डॉलर. म्हणजे प्रौढामागे रोज साडेसहा डॉलरचा तोटा, आणि तोही प्रत्येक वेळी पेय विकत घेतले, मग रोज वापरला आणि एकही क्रेडिट वाया गेले नाही तर. मग नकोच असेल तर तोटा अकरा डॉलरच्या पुढे जातो. मुलीच्या बाबतीत गणित उलटते. मुलांचे काउंटरवरचे जेवण सुमारे ९ डॉलरला पेयासह मिळते. दोन जेवणे, अल्पोपाहार व मग यांची करासह किंमत सुमारे ३० डॉलर होते आणि योजनेत तिच्यासाठी २४ डॉलरही पडत नाहीत. तिच्यामुळे सहा डॉलर वाचतात, चौघांमुळे सव्वीस जातात.

दुसऱ्या योजनेत प्रश्न टेबलावरच्या जेवणाच्या किमतीपाशी येऊन थांबतो. वरच्याच हिशेबाने काउंटरवरचे एक जेवण, अल्पोपाहार आणि मग यांचे करासह सुमारे ३१ डॉलर वजा केले, तर ९४ डॉलरमधून ६३-६४ डॉलर उरतात. कर काढला की पदार्थांच्या यादीतील किंमत सुमारे ६० डॉलर येते. याचा अर्थ असा की, टेबलावरचे प्रत्येक जेवण किमान ६० डॉलरचे असेल तरच प्रौढाला ही योजना बरोबरीत सुटते. मिकी किंवा इतर पात्रे टेबलापाशी येतात असे रात्रीचे बुफे या किमतीच्या आसपास असतात. पण साध्या भोजनगृहात २८ डॉलरचा पदार्थ, १० डॉलरचे गोड आणि पाच डॉलरचे शीतपेय घेतले, तर बेरीज ४३ वर थांबते. जेवणासोबत वाईनचा पेला किंवा कॉकटेल घेणाऱ्या व्यक्तीचे पारडे येथे एकदम वर जाते, कारण त्या एका पेल्याची किंमत दहा ते पंधरा डॉलर असते. योजनेचा दर ठरवताना हे पेय हिशेबात धरलेले आहे, आणि न पिणारा माणूस ते न घेताही त्याचे पैसे भरतो. मॅजिक किंगडममध्ये तर २०१२ पर्यंत मद्य मिळतच नसे. आजही तेथे काउंटरवरच्या जेवणासोबत ते मिळत नाही.

सात वर्षांच्या मुलीचे मात्र येथेही फावते. पात्रांसोबतच्या बुफेत मुलाचे एक जेवणच चाळीस डॉलरच्या आसपास जाते, आणि तिच्या पूर्ण दिवसाच्या योजनेला तीसही लागत नाहीत. थोडक्यात, योजनेचा फायदा मुलांकडून येतो आणि तोटा मोठ्यांकडून होतो. म्हणून कुटुंबात प्रौढ किती आणि नऊ वर्षांपर्यंतची मुले किती, हे प्रमाण प्रथम पाहावे. दोघे पालक व तीन लहान मुले हे कुटुंब आणि चार प्रौढ व एक मूल हे कुटुंब, दोघेही पाच जणांचे असले तरी त्यांना एकच सल्ला देता येणार नाही. २०२६ च्या मुक्कामांसाठी कंपनीने प्रौढांनी पूर्ण दराचे पॅकेज व योजना घेतल्यास ३ ते ९ वर्षांच्या मुलांना योजना विनामूल्य देऊ केली. त्यातही हेच दिसते. पहिल्या कुटुंबाला ती सवलत घसघशीत आहे, दुसऱ्याला पाच रात्रींत दीडशे डॉलरच्या आसपास. शिवाय पूर्ण दराचे पॅकेज ही अट असल्याने खोलीवरची इतर सवलत सोडावी लागते. त्या सवलतीची रक्कम आधी विचारून घेतल्याविना मोफत या शब्दाला भुलू नये.

तुलना कशाशी करायची

योजना घेतल्याने अमुक इतके डॉलर वाचले, असे सांगणारे लोक बहुधा एक चूक करतात. योजनेवर जे पदार्थ खाल्ले त्यांची यादीतील किंमत ते मोजतात. खरी तुलना योजना नसती तर त्या कुटुंबाने काय खाल्ले असते, याच्याशी व्हायला हवी. खिशातून पैसे देताना कोणीही पाच दिवस रोज साठ डॉलरचा बुफे घेत नाही.

वरच्याच कुटुंबाने योजना न घेता पाच दिवस काढले असे समजू. सकाळचा नाश्ता खोलीत, किराणा दुकानातून आणलेल्या दूध, फळे व पावावर. त्याला सर्व मिळून ७५ डॉलर. दोन वेळचे जेवण काउंटरवर, सोबत विनामूल्य पाणी, आणि प्रत्येकाला रोज एक अल्पोपाहार. याचे करासह रोज सुमारे १७० डॉलर, पाच दिवसांचे ८५० च्या आसपास. त्यातले एक जेवण वगळून त्याऐवजी एकदाच पात्रांसोबतचा बुफे. त्याचे कर व बक्षिसीसह सुमारे ३४५ डॉलर, वगळलेल्या जेवणाचे ७० वजा. सगळी बेरीज बाराशे डॉलरच्या जवळ येते. क्विक-सर्व्हिस योजनेला १,२५९ डॉलर पडत होते, आणि त्यात ना नाश्ता होता ना मिकीची भेट.

टेबलावरच्या जेवणाच्या योजनेशी तुलना केली तर फरक याहून मोठा आहे. तेथे २,०३४ डॉलरवर बक्षिसी वेगळी द्यावी लागते, आणि ती पदार्थांच्या मूळ किमतीवर मोजतात. चार प्रौढ व एक मूल यांच्या बुफेची किंमत २७८ डॉलर धरली तर १८ टक्क्यांनी एका जेवणाची बक्षिसी ५० डॉलर होते. पाच जेवणांचे अडीचशे. सहा किंवा अधिक माणसांच्या टेबलाला १८ टक्के बक्षिसी बिलातच लावली जाते. अमेरिकेत बक्षिसी ही वाढप्याच्या वेतनाचाच भाग मानली जाते. ती न देणे हा संकोचाचा विषय ठरतो, त्यामुळे आजोबांनी बिलावरचा तो आकडा पाहून चकित होण्यापेक्षा घरूनच त्याची तयारी ठेवलेली बरी.

ताटातला प्रश्न

शाकाहारी कुटुंबाला उपाशी राहावे लागेल असे हे ठिकाण नाही. डिस्नेने २०१९ पासून पूर्णतः वनस्पतिजन्य पदार्थांपुढे पानाचे चिन्ह छापायला सुरुवात केली आणि जवळजवळ प्रत्येक काउंटरवर असा एखादा पदार्थ असतो. ॲनिमल किंगडममधील सातुली कँटीनमध्ये टोफूचा तिखटसर वाडगा मिळतो. ॲनिमल किंगडम लॉजमधील साना या भोजनगृहात आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय चवीची जोड आहे. तेथील नाण आणि सोबतच्या नऊ प्रकारच्या चटण्या-कोशिंबिरींसारख्या तोंडीलावण्यांसाठी भारतीय पाहुणे मुद्दाम जातात. त्याच हॉटेलातील बोमा आणि उद्यानातील टस्कर हाऊस या बुफेंत मसालेदार भाज्या व डाळी असतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आणि ॲलर्जी असलेल्यांनी नोंदणी करताना तसे कळवले, तर टेबलावरच्या भोजनगृहांत आचारी स्वतः येऊन काय देता येईल ते सांगतो. या बाबतीत तेथील व्यवस्था खरोखर चांगली आहे.

पण मिळते आणि परवडते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. योजनेचा दर मांस व समुद्रान्न खाणाऱ्या सरासरी अमेरिकन पाहुण्याला समोर ठेवून बेतलेला असतो. यादीतील महागडे पदार्थ म्हणजे गोमांसाचे तुकडे, कोळंबी, मासे. शाकाहारी पदार्थ बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा स्वस्त असतो, आणि दोघांसाठी क्रेडिट एकच कापले जाते. साठ डॉलरच्या बुफेत भात, भाजी आणि कोशिंबीर घेऊन उठणाऱ्या आजींचे त्या बुफेत वसूल काय होणार? मद्य न घेणारे, गोमांस-डुकराचे मांस न खाणारे आणि कमी जेवणारे असे तिन्ही लक्षणांचे ज्येष्ठ घरात दोघे असले, तर योजना परवडण्याची शक्यता फार कमी राहते. मासे खाणाऱ्या गोमंतकीयाची स्थिती थोडी बरी म्हणायची, पण कोकमाच्या आंबटपणाची अपेक्षा त्याने विमानतळावरच सोडावी.

तेथील वाढपही मोठे असते. दोन ज्येष्ठांत एक मुख्य पदार्थ आणि वर एक वाटीभर सूप पुरते. सुटे पैसे देताना ही काटकसर थेट खिशात राहते. योजनेवर तशी वाटणी केली तर क्रेडिट्स उरतात, आणि उरलेल्या क्रेडिट्सचा शेवट वर सांगितलाच आहे.

वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतात, ही गोष्ट कित्येकांना ठाऊक नसते. काचेची भांडी, मद्य आणि सुटा बर्फ यांना मनाई आहे. थेपले, पराठे, चिवडा यांना नाही. हॉटेलच्या खोलीत छोटा फ्रीज असतो. ऑर्लंडोत भारतीय किराणा दुकाने आहेत आणि सामान हॉटेलवर मागवता येते. किसिमी परिसरात स्वयंपाकघरासह घरे भाड्याने मिळतात, पण तेथे राहिल्यास डायनिंग प्लॅनचा प्रश्नच उरत नाही, कारण ती योजना डिस्नेच्या हॉटेलांत पॅकेज घेऊन राहणाऱ्यांपुरती आहे. घरून फराळ नेणाऱ्यांनी अमेरिकेच्या सीमाशुल्क अर्जावर खाद्यपदार्थ जाहीर करावेत. मांसजन्य पदार्थ आणि ताजी फळे नेता येत नाहीत. मुलाला आवडते म्हणून गोव्याची चोरीस बॅगेत घालण्याचा मोह येथे आवरावा लागतो.

आधी पैसे भरल्याचे सुख आणि त्याची किंमत

इतके आकडे विरुद्ध असूनही ही योजना घेणारी कुटुंबे समाधानी का परततात, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या एका शाखेने दिले आहे. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना विचारले होते की, सहलीचे आणि कपडे धुण्याच्या यंत्राचे पैसे आधी भरायला आवडतील की नंतर. यंत्राचे नंतर, पण सहलीचे आधी, असा कौल पडला. उपभोग घेताना पैसे मोजण्याची बोच नको असते. तापलेल्या दुपारी मुलीने आईस्क्रीम मागितले आणि बापाच्या मनात सात डॉलरचे रुपये झाले, की त्या आईस्क्रीमची गोडी दोघांसाठीही कमी होते. योजनेत तो क्षण टळतो. ज्या घरात प्रत्येक खरेदीच्या वेळी रुपयांत गुणाकार करणारे कोणीतरी असते, आणि बहुतेक घरांत असतेच, तेथे या शांततेचे काही मोल धरायला हरकत नाही. शंभर डॉलर जादा गेले पण पाच दिवस जेवणावरून कुरकुर झाली नाही, हा व्यवहार तोट्याचाच असे म्हणता येणार नाही. रुपयाचा दर घसरत असेल तर रक्कम आधीच भरून मोकळे होण्याचाही थोडा लाभ आहे.

दुसरी बाजू स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिक मालमेंडिअर यांच्या २००६ च्या व्यायामशाळांवरील अभ्यासात दिसते. मासिक वर्गणी भरणारे सदस्य प्रत्यक्षात इतके कमी वेळा जात की, त्यांना एका भेटीमागे १७ डॉलरहून अधिक पडत होते. दहा भेटींचा पास घेतला असता तर त्यांचे दहा डॉलरमध्ये भागले असते. आपण किती वापर करू, याचा अंदाज माणूस आधी नेहमी चढा बांधतो. भोजन-योजनेत त्यात आणखी एक भर पडते. पैसे भरलेत म्हणून भूक नसताना खाल्ले जाते, आणि वसुलीसाठी खाल्लेल्या बुफेनंतर मुलांना झुल्यात बसवणारे पालक पुढचा तास स्वच्छतागृहाबाहेर घालवतात.

वेळेचा हिशेबही धरावा लागतो. टेबलावरचे जेवण तास-दीड तास घेते. लोकप्रिय भोजनगृहांची नोंदणी ६० दिवस आधी उघडते आणि पात्रांसोबतच्या जेवणांच्या सोयीच्या वेळा लवकर भरतात. योजना घेतली म्हणजे टेबल मिळाले असे नाही. नोंदणी वेगळी करावी लागते, आणि ऐनवेळी न गेल्यास दरडोई दंड पडतो. भारतातून गेलेल्या ज्येष्ठांना पहिले दोन दिवस विमानप्रवासाचा शीण असतो आणि संध्याकाळी सात वाजता डोळे मिटू लागतात. रात्री साडेआठचे टेबल त्यांच्या काय कामाचे? ज्याने योजना घ्यायचे ठरवले आहे त्याने आधी त्या ६० दिवसांच्या वेळापत्रकात कोणती टेबले मिळतील ते पाहावे. साठ डॉलरच्या वरची तीन तरी जेवणे सोयीच्या वेळी मिळत नसतील तर क्विक-सर्व्हिसवर किंवा सुट्या खर्चावर राहणे बरे.

अन्य उद्याने आणि जवळची ठिकाणे

सगळीकडे हाच साचा नाही. १९९२ मध्ये सुरू झालेल्या डिस्नेलँड पॅरिसमध्ये हाफ बोर्ड व फुल बोर्ड अशा युरोपीय पद्धतीच्या योजना असतात, आणि तेथे मूल ११ वर्षांपर्यंत मूल गणले जाते. दहा-अकरा वर्षांचे मूल असलेल्या घराला हा फरक मोठा आहे. टोकियो डिस्नेलँडमध्ये घरचा डबा आत नेता येत नाही. तो प्रवेशद्वाराबाहेरच्या जागेत बसून खावा लागतो. भारतातून निघणाऱ्या बहुतेक गटसहलींत रात्रीचे भारतीय जेवण पॅकेजमध्येच असते. त्यांच्यासोबत जाणाऱ्याने वेगळी योजना घेतल्यास एकाच जेवणाचे पैसे दोनदा जातात.

गोव्यातून सुटीत गाठण्याजोगी उद्याने म्हणजे खोपोलीजवळचे, २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका, बंगळुरूजवळ बिडदी येथील वंडरला आणि हैदराबादची रामोजी फिल्म सिटी. तेथे बाहेरचे खाणे सहसा आत सोडत नाहीत आणि प्रवेशिकेसोबत जेवणाचे कूपन जोडून विकले जाते. एका दिवसाच्या भेटीत क्रेडिट्स उरण्याचा प्रश्न नाही. एक जेवण लागणारच असते आणि आत दुसरा पर्याय नसतो, त्यामुळे कूपन बहुधा रास्त ठरते. तरीही पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. कूपन आवारातील कोणत्या उपाहारगृहांत चालते, जेवणाची वेळ ठरावीक आहे का, जैन किंवा उपवासाचे पदार्थ त्यात येतात का, आणि पावसामुळे झुले बंद ठेवावे लागले तर प्रवेशिकेबरोबर कूपनाचीही तारीख बदलून मिळते का. शेवटचा प्रश्न जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी लेखी उत्तरासह विचारावा.